कमी फुंकरीचा पावा

१

क्लेमांस साव्यो रोज सकाळी सहाला उठे, चुलीत लाकडं सारी आणि मग भावाच्या खोलीच्या दाराशी उभी राहून ऐके. ओनोरेला आडवं झोपता येत नव्हतं. पाठीशी तीन उशा उभ्या लावून तो बसल्या बसल्याच रात्र काढायचा, आणि त्याचा श्वास फरशीवरून गोणपाट ओढावं तसा वाजायचा. तो आवाज आला की ती कॉफी ठेवी, खाली जाऊन पोस्टाची खिडकी उघडी आणि दरीतून वर येणाऱ्या पिवळ्या बसची वाट बघे. पोस्ट खाली, बिऱ्हाड वर. सोळा वर्षं हे असंच चाललं होतं. बदलला होता तो फक्त दाराआडचा आवाज.

धरणाचे बोगदे खणले गेले तेव्हा प्राझाँ गावातले बहुतेक सगळे धडधाकट पुरुष तिकडे गेले होते. ओनोरेने बारा वर्षं दगड फोडला आणि तोच दगड भुकटी होऊन त्याच्या छातीत जाऊन बसला. आता तो पन्नाशीचा होता आणि खाटेपासून खिडकीपर्यंत जायला त्याला दोनदा थांबावं लागे. पण त्याआधी तो दरीतला सगळ्यात चांगला पावा वाजवणारा होता. लाकडाचा, सहा भोकांचा, आडवा धरायचा आखूड पावा. दर मार्च महिन्यात गाव खाली सिएर शहराजवळच्या द्राक्षमळ्यात उतरायचं. मळा साऱ्या गावाचा. पुरुष कुदळी मारायचे आणि त्यांच्या पाठीशी सात पावे आणि पाच ढोल दिवसभर वाजत राहायचे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ढोलवाल्यांचा म्होरक्या थेओड्यूल टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात आला.

"सहाच पावे उरलेत," तो म्हणाला. "सातवी जागा साव्योंची. माझ्या आज्याच्या वेळेपासून तिथे साव्योच उभा राहिलाय."

"मग?" क्लेमांसने विचारलं.

"मग काय? घरात उरलंय कोण?"

"मला मिशा नाहीत, थेओड्यूल."

"बायका तीन वर्षांपूर्वी मत द्यायला लागल्या, आभाळ काही कोसळलं नाही. आणि मिशा आपल्या पावेवाल्या ल्यूसियाँला आहेत की! सूर कुठे आहे?"

आतून ओनोरे हसला आणि त्या हसण्याचा खोकला होऊन पाच मिनिटं चालला. दोघंही भिंतीकडे बघत थांबले. चाली तिला सगळ्या येत होत्या. हिवाळ्याच्या संध्याकाळी ह्याच स्वयंपाकघरात त्याने तिला शिकवल्या होत्या. पण त्याचा पावा चुलीच्या धगीने उभा तडकला होता. नवा घ्यायला हवा होता.

"बाझीलकाकांकडे जा," ओनोरे म्हणाला. एकेका वाक्याला तो दम घेत होता. "रंग बघू नकोस. लाकडाची जात विचारू नकोस. सगळे वाजवून बघ. आणि ज्याला सगळ्यात कमी फुंकर लागते, तो घे. दिवसभर चढावर वाजवायचं असतं. श्वास पुरला पाहिजे."

२

बाझील मेली दरीच्या पलीकडच्या वाडीत राहायचा. पाऊण तासाची बर्फातली वाट. बायको मेलिना गेल्या शरदात वारली, तेव्हापासून तो फारसा दिसत नव्हता. दार उघडलं आणि चौकटीला धरूनच तो उभा राहिला, जणू तोच चालून आला होता.

"ये पोरी. पावा ना? बघ. मी जरा बसतो."

कामाच्या खोलीत अक्रोडाच्या तेलाचा आणि जुन्या भुशाचा वास होता. पण भुसा जमिनीवर कुठेच नव्हता. बाकावरच्या पटाशीवर गंज धरला होता. कोपऱ्यात एक जुनी हातांची खुर्ची होती, आणि तिच्या पाठीला तीन उशा एकावर एक उभ्या रचलेल्या. क्लेमांसने त्या पाहिल्या आणि नजर काढून घेतली. उशा अशा कुठल्या घरात रचतात ते तिला कोणी सांगायला नको होतं.

बाझीलने कापडावर पाच पावे मांडले. नाशपतीच्या लाकडाचा वरच्या सुरांत किंचाळत होता. चेरीचा गोड होता, पण तिसऱ्या ओळीपर्यंत तिला घेरी आली. उरलेले तिन्ही बरे होते. कोणताही चालला असता. ती एक एक ओठांशी नेत होती, पुसत होती, खाली ठेवत होती.

"आणि तो?" तिने विचारलं.

खिडकीच्या फळीवर सहावा पडला होता. गडद, जवळजवळ काळा.

"तो आलुबुखाराचा," बाझील म्हणाला.

तिने तो उचलला. खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला होता, फळी थंडगार होती, पण पावा कोमट होता. तिने तो ओठांना लावला आणि फुंकर घालायच्या आधीच, ओठ जुळवत असतानाच, सूर निघाला. स्वच्छ, सरळ सूर. तिने 'उतारावरची चाल' धरली आणि एका दमात शेवटापर्यंत नेली. थांबली तेव्हा तिला धाप लागली नव्हती. छाती भरलेलीच होती.

तिने सवयीने पावा तिरका करून झटकला. आतून पाण्याचे थेंब पडले. एका चालीत साचावं त्याहून कितीतरी जास्त.

"काका, आत्ताच वाजवलात का हा?"

"मी? दात जाऊन चार वर्षं झाली मला. कशाने वाजवू?" तो हसला, मग छातीवर हात ठेवून श्वास सापडेपर्यंत गप्प बसला. "तुला आवडला?"

"ह्याला फुंकर लागतच नाही."

"नाही लागत." तो तिच्याकडे न बघता कापड गुंडाळू लागला. मग त्याचे हात थांबले. "घरी कोण असतं तुझ्या?"

"ओनोरे. विसरलात का?"

"विसरलो नाही," म्हातारा म्हणाला. कापडावरचे हात त्याने काढून घेतले. बराच वेळ ते मांडीवर तसेच पडून राहिले. मग त्याने कापडाला गाठ मारली आणि पुडकं तिच्या हातात दिलं. "ने. सांभाळून ने."

३

ओनोरेला पावा आवडला. ती खाटेशेजारी उभी राहून वाजवायची आणि तो पांघरुणावर बोटं नाचवत चुका दाखवायचा. "तिथे घाई करतेस. ढोलाला पुढे जाऊ दे." पहिले दोन दिवस त्याच्या गालांवर रंगही आला होता. तिसऱ्या दिवशी एका लांब चालीच्या मध्यावर त्याची बोटं थांबली. तिने पाहिलं तर तो झोपला होता, आणि ओठ करवंदासारखे काळेनिळे दिसत होते. वारा पडलाय, दरीत धुकं साचलंय, असं तिने स्वतःला सांगितलं. अशा हवेत त्याला त्रास व्हायचाच.

वाजवून झालं की काडीला फडकं गुंडाळून ती पावा आतून कोरडा करायची, तेलाचा हात द्यायची आणि कपाटात ठेवायची. सकाळी काढला की आत ओल. पहिल्यांदा वाटलं, आपणच नीट पुसला नाही. दुसऱ्यांदा वाटलं, स्वयंपाकघराची वाफ. मग तिने तो खाली पोस्टाच्या खोलीत नेला, जिथे रात्री शाईसुद्धा गोठायची, आणि तिकिटांच्या खणात कुलूप लावून ठेवला. किल्ली तिच्या गळ्यात. सकाळी खण उघडला तर तिकिटांची वरची पानं चिकटून गेली होती.

क्लेमांस हिशेबी डोक्याची बाई होती. लाकूड पाणी पितं आणि सोडतं, हे तिला माहीत होतं. नवं लाकूड तर महिनोन् महिने घामेजतं. तिने पाव्याच्या पोकळीत कोरड्या फडक्याची वात सारली, खणात ठेवला आणि दुसऱ्या सकाळी वात बाहेर ओढली. वात पिळता येईल इतकी भिजली होती. तिने ती नाकाशी नेली. लाकडाचा वास नव्हता. तेलाचाही नव्हता. औषधाचा, कापराचा आणि झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाचा वास होता. हा वास तिच्या ओळखीचा होता. रोज सकाळी खोलीचं दार उघडलं की तोच येत असे.

तिने वात चुलीत टाकली आणि कॉफी ठेवली. त्या आठवड्यात डॉक्टर वर आले. ओनोरेच्या पाठीला कान लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"नाताळात होता त्याच्या निम्माही श्वास राहिला नाही," जिन्यात ते हलक्या आवाजात म्हणाले. "इतक्या झपाट्याने सहसा जात नाही. काही श्रम करतो का हा?"

"बसून असतो," क्लेमांस म्हणाली.

४

सराव गावाच्या सामाईक तळघरात असायचा, दारूच्या पिंपांच्या मधे. सात पावे, पाच ढोल, आणि मेजावर चीज आणि काळा ब्रेड. पहिल्या दिवशी पुरुषांनी तिची यथेच्छ चेष्टा केली होती. आता कोणी करत नव्हतं. तिचा सूर सगळ्यांच्या वर, तारेसारखा ताणलेला चालायचा.

मार्चच्या पहिल्या रविवारी दुपारी थेओड्यूलने मधेच ढोलावर काठ्या आडव्या ठेवल्या.

"क्लेमांस, तू श्वास कुठे घेतेस?"

"सगळे घेतात तिथेच. नाकाने."

हशा पिकला. थेओड्यूल हसला नाही. बाकीचे ब्रेडकडे वळले तेव्हा तो तिच्याजवळ आला.

"वाईट अर्थ काढू नकोस," तो पुटपुटला. "तालासाठी मी नेहमी वाजवणाऱ्याच्या छातीकडे बघतो. तुझ्या कोटाचं वरचं बटण बघत होतो. आपण ती चाल तीनदा फिरवली. बटण हललंच नाही, बाई."

तिने पावा कापडात गुंडाळला आणि बाहेर पडली. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मधे चर्च, लाकडी कोठारं, वाटेच्या दोन्ही बाजूंना छातीभर बर्फ. ती पळतच जिना चढली.

ओनोरे उशांवरून एका बाजूला घसरला होता. तिने त्याला सरळ बसवला. घामाने सदरा अंगाला चिकटला होता आणि खूप वेळ त्याला बोलता येईना.

"आज उतारावरची घेतलीत," शेवटी तो म्हणाला. "तीनदा. तिसऱ्या वेळी... फार लांबवलीत."

"इथवर ऐकू आलं तुला?"

त्याने मान हलवली. नाही. मग हात उचलला आणि छातीच्या हाडावर ठेवला.

"इथे कळलं."

५

दुसऱ्या दिवशी पोस्टाची खिडकी बंद करून ती दरी ओलांडून गेली. बाझील अंगणात होता. शर्टाच्या बाह्या वर सारून कुऱ्हाडीने ओंडके फोडत होता. एकेका घावात ओंडका दुभंगत होता आणि म्हाताऱ्याचे गाल लाल झाले होते. तिला पाहताच कुऱ्हाड खाली आली.

"परत घेणार नाही मी," तिने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला.

"मग मी जाळीन."

"जाळू नकोस." तो दोन पावलं पुढे आला. "त्याचं तोंडही बंद करू नकोस. मी केलं होतं. मेलिना त्या खुर्चीत बसली होती, मी तिच्यासमोर बसून छोटंसं बूच कोरलं आणि त्यात मारलं. वाटलं, आता सुटेल बिचारी." त्याने हाताची मूठ केली आणि उघडली. "बूच परत काढायलाही वेळ मिळाला नाही."

"आणि मग तुम्ही."

"मग मी."

"सांगायचं होतंत, काका."

"सांगायला गेलो असतो तर तू नेला असतास का?" त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मी पाच मांडले होते, पोरी. पाच चांगले पावे मांडले होते तुझ्यासमोर."

तिने पुडकं त्याच्या पायाशी ठेवलं. म्हातारा साप पाहिल्यासारखा मागे सरला, घरात गेला आणि आतून कडी घातली. खिडकीशी त्याचा चेहराही दिसला नाही. ती कितीतरी वेळ तिथे उभी होती. तिला वाटलं, असंच सोडून चालू लागावं. वाटेवरून दुसरं कोणी जाईल, उचलेल. वरच्या वाडीतली शाळेची पोरं इथूनच येतात.

तिने वाकून पुडकं उचललं.

संध्याकाळी तिने ओनोरेला सगळं सांगितलं. वेड्यासारखं वाटतं ते तिने ठरवून सपाट आवाजात सांगितलं, वात, तिकिटं, बटण, म्हातारा. तो डोळे मिटून ऐकत होता.

"कुणाच्या दारात ठेवू नकोस तो," तो म्हणाला.

"नाही ठेवणार."

"मळ्याचा दिवस कधी?"

"शनिवारी. पण मी जात नाहीये."

"जा."

"ओनोरे!"

"ऐक. तू वाजव, नको वाजवूस, तो घेतोच आहे. खणात पडून घेतो. फुकट." त्याने दम घेतला. चुलीतलं लाकूड एकदा तडतडलं. "बारा वर्षं तिथे बोगद्यात घालवली. आता इथे खाटेवर घालवतोय. उरलाय तेवढा श्वास तरी मळ्यात जाऊ दे. उन्हात. माझ्या जागेवर उभी राहून वाजव."

"मी तुला मारू?"

"तू नाही मारत आहेस, वेडे." तो कसनुसा हसला. "आणि तिथे घाई करू नकोस. ढोलाला पुढे जाऊ दे."

६

शनिवारी ऊन पडलं होतं. शेजारीण फिलोमेन ओनोरेपाशी विणकाम घेऊन बसली आणि क्लेमांस पिवळ्या बसने सगळ्यांबरोबर खाली गेली.

मळ्यात माती काळी आणि ओली होती. पुरुषांची रांग कुदळी मारत चढावर सरकत होती आणि मागून सात पावे. तिने पहिली चाल धरली तेव्हा तिचे हात कापत होते. सूर कापला नाही. तिच्या छातीला काही करावंच लागत नव्हतं. चाली एकामागून एक तिच्या बोटांखालून जात राहिल्या आणि तिला जाणवलं की ती एरवी वाजवते त्यापेक्षा हे वाजणं चांगलं आहे. ओळीच्या शेवटी एक छोटी मुरड येत होती, जी ती कधी शिकली नव्हती, जी घ्यायला तिची बोटं आपसूक उचलली जात होती. म्हाताऱ्या माणसांनी कुदळी थांबवून मागे पाहिलं. "अरे, हा तर ओनोरे," कोणीतरी म्हणालं.

ती रडत होती आणि पावा वाजत होता. रडताना पावा वाजवता येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. थेओड्यूलने तिच्याकडे बघणं सोडून दिलं.

दुपारी, चर्चच्या बाराच्या घंटा होऊन गेल्यावर थोड्या वेळाने, उतारावरच्या चालीत सूर तुटला. तिने फुंकर घातली; नुसती हवा गेली. पुन्हा घातली. रांग पुढे गेली आणि ती दोन वेलींच्या मधे एकटी उभी राहिली. बोटं भोकांवर होती आणि लाकूड हळूहळू गार होत होतं. तिने डोळे मिटले.

मग सूर आला. आपला आपण, कोमट, पहिल्यापेक्षाही मोकळा.

त्या क्षणी तिला जे वाटलं त्याला आनंदच म्हणायला हवं. तो आहे. तो अजून आहे, फक्त दमला होता, थांबला होता. ती धावत रांगेला जाऊन मिळाली. चार वाजेपर्यंत वाजवत राहिली. जेवणाला बसली नाही, वाइनचा पेला तोंडाला लावला नाही. परतीच्या बसमध्ये तिला पाय उचलवेना इतका थकवा आला होता, आणि ती मनात एकच हिशेब करत होती: घरी गेल्यावर आधी त्याला सूप द्यायचं.

बस थांबली तेव्हा डोंगरमाथ्यांवर अजून उजेड होता. फिलोमेन पोस्टाच्या दारात उभी होती, अंगावर काळी शाल.

"गेला गं," ती म्हणाली. "झोपेत गेल्यासारखा गेला. सव्वाबाराला. मी घड्याळ पाहिलं."

"सव्वाबाराला नाही," क्लेमांस म्हणाली. "चारनंतर."

"सव्वाबाराला, क्लेमांस. पाद्रीबाबा येऊन गेले, दीड वाजता. त्याचा हात गार पडला होता तेव्हा."

क्लेमांसने पुडकं पोस्टाच्या फळीवर ठेवलं. फिलोमेन पुढे जिना चढली, ती मागे. चौथ्या पायरीवर तिला कठडा धरावा लागला. सातव्या पायरीवर ती बसली. फिलोमेन वळून "ये, मी धरते, दिवसभराची दमणूक आणि त्यात हे," असं काहीतरी म्हणत होती.

ओनोरे उशांना टेकून बसला होता. डोळे मिटवले होते. ओठ मात्र पुढे आलेले, मधे बारीक फट, एका बाजूला किंचित वळलेले. पांघरुणावर दोन्ही हात एकापुढे एक होते आणि सहा बोटं वाकून नसलेल्या लाकडावर टेकली होती.

"मी सरळ करायला बघितले हात," फिलोमेन कुजबुजली. "होईनात."

क्लेमांस खाटेच्या कडेला बसली. तिला मोठ्याने रडायचं होतं, त्याचं नाव घ्यायचं होतं. तिने छाती भरून घ्यायला बघितली आणि छाती अर्ध्यावरच थांबली, जणू आत कोणीतरी आधीच येऊन बसलं होतं.

फिलोमेनने शाल सावरली. मग ती थबकली, मान वळवून जिन्याकडे कान दिला.

"खाली कोण आहे?" तिने विचारलं. "क्लेमांस, खाली कोण वाजवतंय?"

क्लेमांसने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठ हलले. आवाजापुरता श्वास तिच्याकडे नव्हता.